कोपरापर्यंत हात

पोलादपूरच्या हायस्कुलात मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतोय. ते सगळं विसरून गाढवासारखं वागायला मला एक संध्याकाळ पुरली.

मी भाड्याने राहतो ती खोली मंजुळाकाकींच्या घरातली. वाडीतली निम्मी माणसं मुंबईत, उरलेल्यांचं भात पेरण्याआधी काकीच रुजवून देतात. भात भिजवायचं, निथळून पोत्यात भरायचं, वर पेंढा आणि दगड. मग सकाळ-संध्याकाळ पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. गरम लागलं की भात पसरायचं, खालीवर करायचं, पाणी शिंपडून पुन्हा भरायचं. मी एकदा हौसेने थर्मामीटर आणून दिला, तर तो त्यांनी कौतुकाने देवघरात ठेवला.

गेल्या वर्षी जूनमध्ये पोत्यात तांबड्या कुसळांचं भात होतं. हे वाण काकींच्या सासूकडून आलेलं. दुकानात मिळत नाही, आणि वाडीभरात एवढं एकच पोतं उरलेलं. ते पोत्यात भरलं त्याच दिवशी महाडला लेक सुप्रिया बाळंत झाली आणि काकींना जावं लागलं. पोतं त्यांनी माझ्या हवाली केलं.

संध्याकाळी मी हात घातला, भात पसरलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पण पोत्याला उंदराने भोक पाडलं होतं. काकींच्या पुतण्याने, सुनीलने, पाण्यासाठी आणलेला नवा निळा ड्रम पडवीत होता. मी भात त्यात ओतलं, झाकण घट्ट आवळलं आणि स्वतःवर खूश झालो. सकाळी एसटी चुकेल म्हणून ते उघडलंच नाही.

दुपारी परतलो तर काकी ड्रमापुढे उभ्या. झाकण काढलेलं, पडवीभर आंबूस वास. आत बघायला त्यांनी काडी ओढून ड्रमात धरली. ती विझली. दुसरीही विझली.

मोड आलेले मूग चंबूत घालून बूच लावायचं, नळीचं टोक चुन्याच्या निवळीत सोडायचं, आणि निवळी पांढरी होते ती दाखवायची, हा प्रयोग मी दर वर्षी करतो. रुजणारं बीही श्वसन करतं, प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे फळ्यावर मीच लिहितो. आणि अख्ख्या वाडीचं बियाणं मीच कोंडून ठेवलं होतं. त्याची शरम मला अजून वाटते.

काकी रागावल्या नाहीत. "दम कोंडलाय त्याचा, सर. हात लावा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही भात धुऊन ताडपत्रीवर पसरलं. दोन दिवस काकी तिथून हलल्या नाहीत. सुनीलच्या मोबाइलवर नातीचा फोटो आला, तोही त्यांनी भात खालीवर करताकरताच पाहिला. अशी चिकाटी मी कुणात पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी निम्म्या भाताला पांढरे मोड फुटले. तेवढंच पेरलं, आणि जे पिकलं त्यातला एक दाणाही कुणी शिजवला नाही. सगळं बियाण्याला ठेवलं.

यंदा जूनमध्ये पोतं पुन्हा भरलं, आणि काकींना नातीच्या पहिल्या वाढदिवसाला महाडला जायचं होतं. भाताकडे मी बघतो, असं सुनील म्हणाला. काकींनी पोतं माझ्या दारापुढे आणून ठेवलं.

"सरच बघतील," त्या म्हणाल्या. "ते आता कधी झाकन लावनार नायत."

त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि बाही वर करून पोत्यापाशी बसलो.