टोपीची घडी आणि शाळेचा कॅमेरा

"टोपीची घडी दिसली पायजे, आन् टोपीखालचा डोळाबी दिसला पायजे." कोणताही कॅमेरा हाती आला की आमच्या गावचे फोटोग्राफर आधी हे वाक्य बोलत, मग भिंगावर हलकी फुंकर घालत.

या वाक्याचा अर्थ नीट लागायला मला, एका विज्ञानशिक्षकाला, दोन वर्षे लागली. आपल्या जिल्ह्यातला माणूस डोळ्यांपुढे आणून पाहा. उन्हाने रापलेला चेहरा, त्यावर परीटघडीची पांढरी टोपी आणि माथ्यावर श्रीगोंद्याचे ऊन. कॅमेऱ्याने टोपी सांभाळली तर चेहरा काळा पडतो. चेहरा सांभाळला तर टोपीचा नुसता पांढरा डाग उरतो. ते माणसाची पाठ उन्हाकडे करत, त्याच्या पायाशी धुतलेले धोतर अंथरत आणि त्यावरून वर चढणाऱ्या उजेडात चेहरा उजळेपर्यंत थांबत. पुढे प्रकाशाचे परावर्तन शिकवताना मी तेच वर्गात करून दाखवू लागलो. पाठ्यपुस्तकातल्या आरशापेक्षा मुलांना धोतर लवकर कळे.

बाजारतळाजवळ त्यांचा स्टुडिओ होता. सगळे त्यांना काका म्हणत. जूनमधली ओळखपत्रे, पंधरा ऑगस्ट, दहावीचा निरोप, अशी शाळेची सारी छायाचित्रे तेच काढत. "निम्मं वरीस शाळंचं, निम्मं लग्नाचं," असा त्यांचा हिशेब होता. पण लग्नांत आता व्हिडिओवाले शिरले होते. उरलेला आधार शाळेचाच.

नव्वदचे दशक सरत आले होते. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेत संगणक आले आणि मुख्याध्यापकांच्या मनात डिजिटल कॅमेरा भरला. "फिल्म नको, धुणं नको, वाट पाहणं नको," ते म्हणाले. "तुम्ही पद्धतशीर माणूस आहात. घ्यावा की घेऊ नये, लेखी अहवाल द्या."

कॅमेऱ्याबद्दल ज्याला विचारावे असा आमच्या गावात एकच माणूस होता, आणि कॅमेरा आला तर काम जाणार होते तेही त्याचेच. दोन दिवस मी तो रस्ता टाळला. तिसऱ्या दिवशी गेलो.

"काका, तुमच्याच पोटावर येणारी गोष्ट तुम्हाला विचारायला आलोय."

सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "मग दुसऱ्या कुनाला इचारनार? त्या इकनाऱ्याला?"

ठरल्या दिवशी नगरहून विक्रेता आला. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी फ्लॉपी जात होती. काकांनी तो उलटसुलट पाहिला आणि आमच्या टोपीवाल्या शिपाईमामांना भर दुपारी मैदानात उभे केले. धोतर अंथरले नाही. "हितं परीक्षा कॅमेऱ्याची हाय, माझी न्हाई."

"माझी सोयरीक जुळवताय का काय?" मामा म्हणाले.

"तोंड मिटा. पोरगी पळून जाईल."

कॅमेरा बराच वेळ कुरकुरला. फ्लॉपी घेऊन आम्ही संगणकाच्या खोलीत गेलो. पडद्यावर टोपीची घडी न् घडी दिसत होती. तिच्याखाली काजळी धरली होती. विक्रेता म्हणाला, "ऊन जरा जास्त होतं." मी वहीत 'नापास' असे लिहिले. कबूल करतो, तो शब्द लिहिताना माझा हात फार आनंदात होता. काकांचे काम वाचले होते.

काका मात्र पडद्यापासून हलेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, तुमच्या शाळंत टोपी घालनारी पोरं किती?"

"एकही नाही."

"मग पेपर अभ्यासक्रमाच्या भाइरचा काढला आपन. त्या कॅमेऱ्यानं काय घोडं मारलंय?"

दुसरी परीक्षा त्यांनी घेतली. पाचवीतल्या एका मुलीला लिंबाच्या सावलीत उभे केले आणि ओळखपत्राच्या आकाराचे चित्र छापून मागितले. ते खिडकीशी धरून पाहिले. तेल लावून पाडलेला भांग, कॉलरचे तुटलेले बटण, दोन्ही डोळे. सारे जागच्या जागी होते.

"घ्या," ते म्हणाले.

"काका, विचार करा."

"क्येला. वळखपत्र वरीसभर टिकलं म्हंजी झालं; पोरं तरी कुठं तशीच ऱ्हात्यात? दहावीच्या ग्रुपला मातर फिल्मच पायजे. यातलं मोठं केलं की तोंडं फुटत्यात. दोन्ही लिवा."

मी 'नापास' खोडले आणि दोन्ही वाक्ये लिहिली. मुख्याध्यापकांनी पहिले कायमचे मान्य केले, दुसरे एका वर्षापुरते.

प्रश्नपत्रिका काढणे हा माझा व्यवसाय. तरी स्वतःला पाडणाऱ्या उमेदवाराला न्याय्य पेपर देणारा परीक्षक मी तेवढा एकच पाहिला. त्यानंतर दर वर्षी, प्रश्न लिहून झाले की, आपल्याला हवे ते उत्तर यावे म्हणून तर हा विचारला नाही ना, एवढे मी तपासून घेऊ लागलो. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचे गुण त्यामुळे वाचले. ते त्यांना ठाऊक नाही, मला आहे.

जूनमध्ये ओळखपत्रांच्या दिवशी काका न बोलावता आले. कॅमेरा माझ्या हातात होता.

"सर, एक पाऊल मागं या. जवळनं नाकं मोठी येत्यात."

मी मागे सरलो. ते रांगेपाशी उभे राहून एकेका मुलाची कॉलर सरळ करत राहिले. त्यांना ज्या कामाला तीन दिवस लागत, ते मधल्या सुटीपर्यंत आटोपले. मी चहाचा आग्रह केला. "चांगलं जमतंय तुमाला," एवढे म्हणून ते निघाले.

त्या वर्षीचा दहावीचा ग्रुप फोटो त्यांनी काढला आणि उन्हाळ्यात स्टुडिओ बंद करून ते पुणतांब्याला मुलीकडे गेले. पुन्हा भेट झाली नाही. पण मला ते आठवतात त्या जूनच्या दुपारी फाटकाकडे जाताना. कॅमेऱ्याची जड पेटी वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा खाली उतरला होता. त्या दिवशी खांद्यावर काहीच नव्हते, आणि तरी तो तसाच उतरलेला होता.