आत्याचा ज्वालामुखी, मी पाहिलेला

मंडळी, आत्ताच पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलवर पोचलोय. जमीन अजून पायाखाली हलल्यासारखी वाटतेय, अंगात त्राण नाही, तरी हे लिहितेच.

माझी आत्या होटगीच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाली. ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच तिची इच्छा. म्हणून सोलापूरहून तिला इथवर आणलं आणि आज बॅरन या ज्वालामुखीच्या बेटाच्या सहलीच्या बोटीत बसवलं.

बोट सुटल्यापासून तिला उलट्या. बेटावर उतरता येत नाही, बोटीतूनच बघायचं, असं गाइडनं सांगितलं, तोवर ती आत बाकावर आडवी झाली होती. बेट समोर आलं आणि तिला उठून बसताही येईना.

"व्हिडिओ काढून आणते," मी म्हटलं.

"व्हिडिओ नको गं. तू नीट बघ आणि मला येऊन सांग की."

मी डेकवर जाऊन आले. काळे उतार, वर थोडा धूर, असं सांगितलं.

"धूर पांढरा हाय का करडा? काळा दगड पार पाण्यापर्यंत आलाय काय?"

पुन्हा वर, पुन्हा खाली. अशा चार चकरा झाल्या. शेवटी तिनं डोळे मिटूनच माझा हात धरला. "बस आता हितं. लई दमलीस. सकाळपासनं तुला कसं वाटतंय, कुणी विचारलंच न्हाय."

मला एकदम रडूच आलं.

इतक्या लांब येऊन आत्याला ज्वालामुखी दिसला की नाही, मला ठरवता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?