कोपरापर्यंत हात

विद्यापीठाच्या खानावळींतलं खरकटं मागच्या कुंपणापाशी कुजवून त्याचं खत करणारे खतमास्तर थर्मामीटरला हिंग लावून विचारत नसत. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांवर डाफरायचे, "लेकांनो, गरम आहे तोवर हलवू नका. गार पडला की उचला!" स्वतःच्या मुलालाही त्यांनी हेच शिकवलं.

म्हातारपणी मास्तर तापाने अंथरुणाला खिळले. मुलगा रोज सकाळी येऊन कपाळावर हात ठेवायचा. मास्तरांना भरून यायचं. जन्मभर शिव्या खाऊनही पोरगं मायेचं निघालं!

एके दिवशी दार उघडंच राहिलं. बाहेर मुलगा बायकोला सांगत होता, "अजून गरम आहेत. खोली रंगवायला माणूस पुढच्या आठवड्यात बोलव."