बंद ठेवलेली वाट

एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन वाटा दिसल्या की वायरवाल्याला चैन पडत नसे. काशीमीऱ्याच्या एका गोदामात तो कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा आणि आमच्याकडे भाड्याने राहायचा. दूधवाल्याला मीही सांगायचे, सूनही सांगायची. दूध दुप्पट यायचं. आल्या आल्या त्याने माझं सांगणं बंद केलं. "आजी, एक वाट बंद ठेवायची. तोडायची नाही. वहिनी गावाला गेल्या की तुम्ही सांगायचं." मला राग आला, पण दूध नासायचं थांबलं.

सोसायटीतही तेच झालं. कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायला ए विंगने एका कंपनीचा डबा आणला, बी विंगने दुसऱ्या कंपनीचा. एक वायर तुटली तर असावी म्हणून मध्ये दोन वायरी टाकल्या. सगळंच बंद पडलं. वायरवाला म्हणाला, एक वाट मिटून घ्यायची अक्कल दोन्ही डब्यांना आहे, पण याची खूण त्याला कळत नाही. दोन्ही वाटा उघड्या, निरोप गोल गोल फिरतोय. शिवाय दोघेही स्वतःला थोरला समजतात.

"हे मला नको सांगूस," मी म्हटलं. "बी विंगमध्ये माझी जाऊ राहते."

ती नात्याने थोरली, मी वयाने. तिच्या कुळथाच्या पिठीत मीठ जास्त झालं, एवढंच मी जिन्यात बोलले होते. दोन्ही विंग फिरून ते माझ्याकडे परत आलं, तोवर त्याचं 'जावेने विष घातलं' झालं होतं. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. सणाचं ताट, औषधं, टोमणे, सगळं वायरवालाच पोचवायचा. टोमणे तो वाटेत गाळायचा, असा माझा संशय आहे.

डब्यांना त्याने दोघांनाही येणारी जुनी रीत लावून दिली. हळू, पण चालते. बी विंगच्या डब्याला लहान आकडा देऊन थोरला केला. यांच्यात लहान आकडा तो मोठा. उलटीच जात.

मग त्याला पुण्याला नोकरी लागली. पाया पडताना म्हणाला, "आजी, आता मी नाही. बंद वाट उघडा."

"जुना डबा आहे मी. वेळ लागतो."

तो गेला. खोलीत वायरीचा एक तुकडाही ठेवला नव्हता. मला ते आवडलं नाही.

जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे मला भाजीवालीकडून कळलं, तेही शिळं होऊन. मी पिठी केली, वाडगा घेतला आणि बी विंगमध्ये गेले. लहान तो मोठा, म्हणत बेल दाबली.

काठी टेकत तिने दार उघडलं. वाडग्याकडे बघितलं.

"मीठ तूच चाखलंस, की जिन्यात विचारून आलीस?"

"आधी आत घे," मी म्हटलं. "इथून बोललेलं फार लांब जातं."