तिसऱ्या तासानंतरच्या चुका

माझ्या प्रबंधातला कवी सहाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये राजाच्या मोहोरेच्या कचेरीत कारकून होता. दिवसभर सरकारी पत्रं उतरवायची आणि उरलेल्या वेळात कविता करायच्या, असं त्याचं आयुष्य गेलं. एके ठिकाणी तो तक्रार करतो, की लोकांना लिहिणं म्हणजे खेळ वाटतो. इतर कारागीर काम करता करता गातात, गप्पा मारतात. आम्हाला मात्र लिहायच्या चामड्यावर नजर खिळवून मुकाट वाकून बसावं लागतं, आणि त्यात पाठ, पोट, डोळे सगळंच जातं.

हे मी फ्रँकफर्टच्या आमच्या स्वयंपाकघरात बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"पोटाचं बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "बसल्याशिवाय ते कळायचं नाही."

बाबा पुण्याला कोर्टाच्या नकला विभागात नक्कलनवीस होते. झेरॉक्स सगळीकडे पोचण्याआधीची त्यांची उमेदीची वर्षं निकालपत्रं हातानं उतरवण्यात गेली. त्या उन्हाळ्यात आईंबरोबर ते तीन महिने आमच्याकडे राहायला आले होते. मला एक कल्पना सुचली. कवीच्या कचेरीतल्या काही पत्रांचं मी मराठी केलं, नवऱ्यानं जुन्या शेल्फची फळी तासून उतरतं मेज करून दिलं आणि बाबा रोज सकाळी चार तास टाक घेऊन ती पत्रं उतरवायला बसले. असे दोन आठवडे. तासागणिक चुका कशा वाढतात ते मला बघायचं होतं.

"दमलेला नक्कलनवीस आधी नावात चुकतो," त्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. "माणसाचं नाव, गावाचं नाव. बाकीचं वाक्य हात आपोआप लिहितो. नावाला डोकं लागतं."

संध्याकाळी मी मूळ कागद शेजारी ठेवून तपासत असे. पहिल्या दोन दिवसांत काहीच हाती लागलं नाही. ते दिवस सरावाचे म्हणून मी सोडून दिले. पुढे मात्र रोज तिसऱ्या तासानंतर चुका दिसू लागल्या. कुठे शब्द गळलेला, कुठे ओळ दोनदा आलेली. मी त्यांच्याभोवती लाल वर्तुळं केली, तक्ता केला. माझ्या मार्गदर्शक बाई जर्मन, कौतुकाच्या बाबतीत काटकसरी. तक्ता पाहून त्या दोनदा "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या.

बाबा परत गेले आणि पाच महिन्यांनी पुण्यात हृदयविकारानं वारले. हृदय बऱ्याच दिवसांपासून कमकुवत होतं, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं ते ऐकलं आणि मान हलवली. मला मात्र तक्ता दिसत होता. त्या माणसाला मी रोज किती दमवलं, ते माझ्याच हातानं रकान्यांत मांडून ठेवलेलं होतं. कागदांची पेटी मी तळघरात नेऊन ठेवली. प्रबंधाचं ते प्रकरण वर्षभर पुढे सरकलं नाही. घरात सगळे म्हणत, दुःख आहे, वेळ लागेल. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

या मे महिन्यात आई एकट्याच आल्या. चौथ्या दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "ह्यांचे ते कागद कुठे आहेत गं?"

मी पेटी वर आणली. आईंनी हात पुसून चष्मा लावला.

"ही लाल वर्तुळं कसली?"

"चुका आहेत, आई. दमल्यावर झालेल्या."

"दमल्यावर कसल्या? मुद्दाम घातल्यात त्या." आई हसायला लागल्या. "दुसऱ्या दिवशी रात्री मला म्हणाले, पोरगी संध्याकाळी तोंड पाडून बसते, चूकच सापडत नाही तिला. मी म्हटलं, मग करा की एखाददुसरी. तर म्हणतात, एखाददुसरीनं प्रबंध होत नाही."

मला हसू आलं नाही. त्या माझी समजूत काढताहेत असं वाटलं. मी विचारलं, "खरंच दमले असते, तर सांगितलं असतं का त्यांनी?"

"तुला नसतं सांगितलं. मला छळलं असतं. जेवून कुठे जायचे ते?"

"नदीवर. बोटी बघायला."

"झोपायचे नाहीत ना? मग झालं तर."

तरी मी म्हटलं, आपण रुजवात घेऊ. नक्कल मुळाशी पडताळण्याला बाबांच्या कचेरीत हाच शब्द होता. आई मूळ कागद मोठ्यानं वाचू लागल्या, मी बाबांच्या अक्षरावर बोट ठेवून पुढे पुढे गेले. एका पत्राला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काय मेलं कंटाळवाणं आहे हे," आणि पुन्हा वाचू लागल्या. त्या सगळ्या कागदांत एकही नाव चुकलेलं नव्हतं. ना माणसाचं, ना गावाचं. गळले होते ते 'सदर', 'उक्त', 'तसेच'. जे गेल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, नेमके तेवढेच शब्द त्यांनी निवडून गाळले होते. शेवटच्या दिवशी, चौथ्या तासाला, अक्षर पहिल्या दिवसाइतकंच सरळ होतं.

मी कागद मिटले. आई पुन्हा मेथीकडे वळल्या. मला एकदम खूप भूक लागली, आणि मी तशीच उभ्यानं, सकाळची गार पोळी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक बाईंना भेटून मी सगळं सांगितलं. सासऱ्यांनी माझ्यासाठी चुका केल्या होत्या, म्हणजे पुरावा बाद. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तक्ता काढावा लागेल."

"काढलाय."

"मग उरलं काय?"

"कवीचं म्हणणं. की या कामानं पाठ जाते, पोट जातं. आणि एका नक्कलनविसाचं त्याला दुजोरा देणं. ते मी तळटीपेत घातलंय, त्यांच्या नावानिशी."

त्यांनी पानं चाळली. अकरा पानं कमी झाली होती, आणि कित्येक महिन्यांचं काम गेलं होतं. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढं सगळं गेलं, आणि तुम्ही हसताय."

ते मला तोवर कळलंच नव्हतं.