लाल ठिपक्याची काडतुसं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी उंदीरसुद्धा मारलेला नाही. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तरी तो मला हाक मारतो. तरीही सीवूड्सच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या कपाटात, कुलूप घातलेल्या लोखंडी पेटीत एक दुनळी बंदूक आहे. ती माझ्या सासऱ्यांची. गावच्या आंब्या-काजूच्या बागेत रानडुकरं शिरायची म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. ते गेल्यावर दिरांनी बाग घेतली, घर घेतलं, आणि माझ्या नवऱ्याने बंदूक घेतली. परवाना स्वतःच्या नावावर करायला वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. डुकरं बागेत, बंदूक सीवूड्सला. यावर मी आणखी काय बोलायचं?

निवडणुका लागल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ते दिवस मला फार सुखाचे जातात, कारण तेव्हा रविवारची प्रॅक्टिस बंद असते.

ही प्रॅक्टिस म्हणजे एक सोहळाच आहे. पोहे खाऊन झाले की तो बेडरूमचं दार लावतो. कोपऱ्यात त्याने वाळूची तीन पोती रचून ठेवली आहेत, नळी फक्त त्यांच्याकडेच रोखायची म्हणून. त्या पोत्यांतून झिरपणारी वाळू मी चार वर्षं झाडते आहे. मग बंदूक मधून वाकवून उघडायची, दोन्ही नळ्यांतून आरपार बघायचं, डमी काडतुसं घालायची, बंद करायची, खांद्याला लावायची, चाप ओढायचा. टक्. पुन्हा उघडायची. असं तासभर. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं, बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी माणसाकडे न्यायची नाही, वेळ येईपर्यंत बोट चापावर नाही. ऐकायला कोण, तर वाळूची पोती. हॉलमध्ये सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

त्याचा स्वभावच असा आहे. न्हावा शेवाला एका कंपनीत तो कंटेनरची कागदपत्रं बघतो. तिथेही म्हणे सीलचा नंबर तीनदा वाचतो, आणि ट्रकवाले खाली उभे राहून त्याच्या नावाने बोटं मोडतात. मला त्या ट्रकवाल्यांची फार दया येते.

डमी काडतुसं त्याला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने करून दिली होती. खऱ्याच काडतुसांची उडवलेली टरफलं, आत दारूऐवजी लाकूड, आणि बुडाशी जिथे सुई आपटते तिथे रबर. चाप ओढला तरी काही होत नाही आणि सुईही खराब होत नाही. रबरालाही पितळी रंग, त्यामुळे दिसायला खऱ्यासारखीच. म्हणून त्याने प्रत्येकाच्या पितळी बुडावर लाल ठिपका दिला, तोही माझ्या नेलपॉलिशने, मला न विचारता. लाल ठिपका म्हणजे डमी. खरी सहा काडतुसं स्टीलच्या डब्यात, चार डमी बिस्किटांच्या डब्यात, आणि दोन्ही डबे वेगवेगळ्या खोल्यांत. इतकं करूनही डमी नळीत घालण्याआधी तो काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवायचा, जणू पोळी नीट भाजली आहे का बघतोय. प्रत्येक वेळी, प्रत्येक काडतुसावर. हे बघून माझं डोकं फिरायचं. स्वतःच रंगवलेला ठिपका स्वतःच तपासणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या खंडेनवमीला सासूबाईंनी शस्त्रपूजा करायला सांगितली. बंदूक पाटावर आलीच, पण काडतुसंही हवीत, आणि खरी-खोटी असा भेद देवापुढे करायचा नाही, सगळीच शस्त्रं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने जरा का कू केलं. पण आईपुढे त्याचे नियम कुठले टिकायला? दोन्ही डबे आणून त्याने पाटावर दोन रांगा मांडल्या, चार डमी इकडे, सहा खरी तिकडे. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, कुठलासा कंटेनर अडकला होता. त्याने बंदूक कुलपात ठेवली आणि पूजा झाली की काडतुसं तशीच राहू दे, मी येऊन उचलतो, असं सांगून तो निघाला.

पूजा मी केली. ओलं कुंकू कालवलं आणि दहाही काडतुसांच्या बुडावर एकेक बोट टेकवलं. डमींवर ठिपका आहेच, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, असं माझ्या मनात आल्याचं मला चांगलं आठवतं. संध्याकाळी मला पाट हवा होता. फुलं काढताना काडतुसं इकडेतिकडे घरंगळली. मी ती गोळा केली, चार बिस्किटांच्या डब्यात, सहा स्टीलच्या डब्यात. मोजून ठेवली. नवरा आल्यावर मी सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे. तो दमला होता. त्याने नुसती मान हलवली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी माझा भाऊ आला, बायकोमुलांसकट. भाऊ साताऱ्याचा, बोलायला तरबेज. त्याला दाजींची बंदूक बघायची होती. नवऱ्याने बेडरूममध्ये नेऊन ती उघडून दाखवली, बिस्किटांचा डबाही काढला. भावाच्या डोक्यात भलतंच आलं. तो वाळूच्या पोत्यांपुढे हात वर करून उभा राहिला. दाजींनी बंदूक रोखायची, चाप ओढायचा, वहिनीने व्हिडिओ काढायचा, स्टेटसला टाकायला.

नवरा नाही म्हणाला. डमी असली तरी नळी माणसाकडे नाही.

भाऊ हसला. वहिनी हसली. मला लाज वाटली, त्याचीच. एवढा आडदांड माणूस आणि लाकडाच्या तुकड्याला भितो. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, खेळणंच आहे ते. एकदा तरी पुरुषासारखं वागा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग, निदान डमी कसं असतं ते तरी भावाच्या हातात द्यावं म्हणून, डब्यातलं एक उचललं. सवयीने बुडावरून अंगठा फिरवला. तिथेच थांबला. पुन्हा फिरवला. मग काडतूस मुठीत धरलं, डब्याचं झाकण लावलं, उघडी बंदूक पेटीत ठेवून कुलूप घातलं.

"आज नको," तो म्हणाला. "मूड नाही."

भाऊ अजून हात वर करून उभा होता. मग जो हशा झाला, तो जेवण संपेपर्यंत टिकला. दाजी डमीला घाबरले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

ते गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला आणि माझ्यापुढे अंगठा धरला. लाल.

"नेलपॉलिश अंगठ्याला लागत नाही," तो म्हणाला. "पुसल्यावर खाली नुसतं पितळ होतं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी ओट्याला टेकून उभी राहिले. तो ओरडेल, निदान टाकून बोलेल, अशी मी वाट पाहत होते. तो म्हणाला, चूक माझीच, दोन्ही एका पाटावर ठेवायला नको होती, आणि आल्यावर मी बघायला हवी होती. मग त्याने नळाखाली अंगठा धुतला आणि दहाही काडतुसं घासत बसला. त्याचं ते समजूतदार तोंड बघून मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते?

भाऊबीजेला भाऊ पुन्हा आला. तोवर सगळ्या माहेरात ती गोष्ट पसरली होती. पाटावर बसताबसता त्याने विचारलं, दाजी, ताम्हनाला तर भीत नाही ना? वहिनीला हसू आवरेना. मी कुंकवात अंगठा बुडवला होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याच्या कपाळावर टिळा लावला, उदंड आयुष्य माग म्हणून सासूबाईंनी आठवण करून दिली, ते मागितलं, आणि ओवाळलं.

नवरा समोरच्या खुर्चीत होता. त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि माझ्या भावाला आणखी एक करंजी वाढ म्हणाला.