जोडव्यांसकट मावणारे बूट

बायकोचे बूट मी तिच्या पायाशिवाय आणले.

झालं असं, की परदेशच्या सहलीला दीड महिना उरला होता आणि मला अचानक आदर्श नवरा होण्याचा झटका आला. असे झटके मला फार येत नाहीत, कारण एक निस्तरायला तिचे दोन आठवडे जातात. दाराबाहेरच्या स्टँडवरून तिची रोजची चप्पल उचलली, मिठाईच्या खोक्याची दोरी तिच्यावर ताणून धरली, जिथे संपली तिथे गाठ मारली आणि दोरी खिशात घालून मॉलमध्ये गेलो. बाकीची गिऱ्हाइकं आपापले पाय घेऊन आली होती. मी दोरी काढल्यावर सेल्समनने, माझ्याच वयाचा टक्कल पडलेला गृहस्थ होता तो, आधी दोरीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की या दोघांपैकी जास्त सरळ कोण ते त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी खोकं तिच्यापुढे ठेवलं. फिकट जांभळे, पुढे निमुळते, बाजूला चंदेरी पट्टी. तिने पाय घातला. तो अर्ध्यावर अडला.

“लांबी बरोब्बर आहे,” मी म्हणालो.

“लांबी बरोबर आहे हो. जोडवी कुठे ठेवू? पर्समध्ये?”

मी खाली वाकून पाहिलं. दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांत चांदीची, तीन वेढ्यांची जाड जोडवी. माझ्याच आईने निवडलेली, म्हणजे नाजूकपणाचा प्रश्नच नाही. सव्वीस वर्षं ती बोटं माझ्यासमोरून स्वयंपाकघरात जात-येत होती, आणि मी दोरी घेऊन चपलेची लांबी मोजत बसलो होतो.

“मग काढ की ती दहा दिवस,” मी सुचवलं.

“निघत नाहीत. आणि निघाली असती तरी काढली नसती. बूट घालायला मी कशाला बदलू? बूट बदला.” मग खोक्याचं झाकण लावता लावता म्हणाली, “चप्पल मोजून आलात. बाई राहिली मोजायची.”

हा बुटांचा प्रश्न साधा नव्हता, तो इथेच सांगतो. आमच्या घरात एक जुनी पद्धत आहे. कुठेही सहलीला गेलो आणि चढ आला, की ही खाली बसते. टाचा दुखतात, चप्पल पाय मुरगाळते, आणि शिवाय पिशव्यांजवळ कुणीतरी हवंच. आम्ही बाकीचे वर जाणार, फोटो काढणार, तासाभराने घाम पुसत खाली येणार. ती बाकावर बसलेली, भोवती सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी टोप्या. आमच्या अल्बममध्ये उंचावरच्या एकाही फोटोत ती नाही. आणि दर वेळी तिला बरं वाटावं म्हणून मी एकच वाक्य म्हणायचो, “तसं काही विशेष नव्हतं गं वर.” हे वाक्य म्हणताना मला स्वतःबद्दल फार प्रेमळ वाटायचं.

सहलीचे पैसे भरायच्या दिवशी तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, “मी तिकडच्या बाकावर बसायला येणार नाही. बाक बोरिवलीतही आहेत.”

सहल कंपनीने पूर्वतयारीची एक सभा ठेवली होती. तिथे टाय लावलेला माणूस माइकवर “आपल्याला भरपूर चालायचंय!” असं म्हणाला, जणू काही ते पॅकेजमध्ये फुकट होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे तेच लोक, जे स्टेशनपासून सोसायटीपर्यंत शेअर रिक्षासाठी वीस मिनिटं रांगेत उभे राहतात. नंतर प्रश्नोत्तरं. निम्मे प्रश्न खिचडीवर, उरलेले बुटांवर. एक गृहस्थ प्रश्न विचारायला म्हणून उठले आणि त्यांनी स्वतःच्या बुटांचं चरित्रच सांगितलं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. हिने वहीकडे पाहिलं आणि जांभई दिली.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. चार वर्षांपूर्वी आठ दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि तेव्हापासून दूध आणायलाही तेच बूट घालून जातात. लिफ्टमध्ये भेटले, की त्यांची नजर आधी समोरच्याच्या पायांकडे जाते. मला म्हणाले, “बूट म्हणजे इन्व्हेस्टमेंट आहे. पाय दुसरे मिळत नाहीत.” एवढं मोठं सत्य ऐकून मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत शटरसमोर उभा.

स्वतःचे बूट मात्र मी शास्त्रीय पद्धतीने घेतले. त्या दुकानात एका काचेवर अनवाणी उभं करतात आणि पडद्यावर तुमचे तळवे लाल-पिवळे दिसतात. हवामानाचा नकाशाच. माझ्या डाव्या टाचेवर वादळ होतं. मग एक हजार तऱ्हेचे शब्द: आर्च, कुशन, ग्रिप. मी प्रत्येक शब्दाला “अर्थात” म्हणत होतो. शेवटी सेल्समन म्हणाला, “सर, नऊ नंबर घ्या. चालून चालून पाय सुजतो.”

“माझा आठ नंबर आहे.”

“हो, पण सर...”

“तीस वर्षं आठ आहे!”

माणूस पगार विसरेल, लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण आपला बुटाचा नंबर कुणी वाढवला, की त्याला इज्जतीवर हात घातल्यासारखं वाटतं. मला तर खात्री होती, की याच्याकडे नऊ नंबरचा माल पडून आहे. आठ नंबर घेऊन ताठ मानेने घरी आलो.

जांभळे बूट बदलायला आम्ही दोघं गेलो. तोच टकलू सेल्समन. दोरी आणली नाही हे पाहून त्याला हायसं वाटलं असावं. त्याने बायकांच्या भिंतीवरचे सात-आठ जोड काढले. सगळे गुलाबी, मोरपंखी आणि सगळे पुढे निमुळते. बूट बनवणाऱ्यांच्या मते बाईच्या पायाला अडीच बोटं असावीत. हिने एकेक जोड घातला, चार पावलं चालली, काढून ठेवला. मग कुणाला न विचारता उठली आणि समोरच्या, पुरुषांच्या भिंतीपाशी गेली. तिथून एक रुंद, मातकट रंगाचा, अजिबात देखणा नसलेला जोड उचलला.

“मॅडम, वो जेंट्स का है,” सेल्समन घाईने म्हणाला.

“हां तो? मेरे पाव को किधर मालूम है?”

मी कानात म्हणालो, “अगं, लोक काय म्हणतील? फोटोत दिसतील ना ते.”

“फोटोत यायचंय तरी,” ती म्हणाली.

सहा नंबर. पाय आत गेला. जोडव्यांसकट गेला. तिने आत बोटं हलवून पाहिली. चेहऱ्यावर असं समाधान, की ते सेल्समनलाही दिसलं. तो तिला म्हणाला, “सही है मॅडम.” मला त्या दुकानात कुणी सही म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर आमचे दोन संप्रदाय झाले. आमच्याकडे बाहेरचं पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. पण माझे बूट जमिनीला टेकलेच नव्हते, तेव्हा ते पायताण कसलं, असा माझा मुद्दा. म्हणून ते खोक्यात, कागदात गुंडाळून, कपाटात. पाहुणे आले की काढायचे, दाखवायचे, ठेवायचे. सरावासाठी मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर सहा पावलं टाकायचो. ती म्हणायची, “तो पेपर मी अजून वाचलेला नाही.”

हिने दुसऱ्याच दिवशी बूट घालून भाजी आणली. मग दळण. मग बँक. परदेशी न्यायचे बूट आणि त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या आणि मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरचं पाणी तुडवायचं! मला ते बघवेना. पंधरा दिवसांत त्यांचा रंग मुळात कुठला होता ते सांगता येईना. लिफ्टमध्ये काकांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, हे जेंट्स दिसतात.”

“हो काका. वहिनी लेडीजच आहेत.”

काका मधल्याच मजल्यावर उतरले.

निघायच्या आधीच्या रविवारी मी जाहीर केलं, की आता रंगीत तालीम. नॅशनल पार्कात, कान्हेरीला. पायऱ्या आहेत, चढ आहे, आणि तिकडे जायला व्हिसा लागत नाही. खोक्यातून बूट निघाले. काय चमकत होते! गेटपासून आतली बस घेतली, लेण्यांपाशी उतरलो. तिच्या हातात काही नाही, माझ्या हातात दोन पिशव्या, कारण पोळी-भाजी, पाणी, छत्री आणि माझी वही.

पहिल्या पन्नास पायऱ्यांवर मी तिला पाऊल कसं टाकायचं ते समजावत होतो. पुढच्या तीस पायऱ्यांवर मी गप्प होतो. उजव्या टाचेवर काहीतरी चावत होतं आणि डाव्या अंगठ्याला आठ नंबर म्हणजे काय ते कळत होतं. एका सावलीत थांबून बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि तो फुटलेला.

“चला, खाली जाऊ,” ती म्हणाली. म्हणाली खरी, पण नजर वर, कातळातल्या पायऱ्यांकडे होती. सव्वीस वर्षांत ती इथे तीनदा आली होती. तिन्ही वेळा इथेच बसली होती.

“तू जा,” मी म्हणालो. “पिशव्यांजवळ कुणीतरी हवंच.”

ती गेली. मातकट बूट, फिकट निळा ड्रेस. एकदाही मागे वळली नाही.

मी दगडावर बसलो. एक माकड समोर येऊन बसलं आणि पोळी-भाजीच्या पिशवीकडे पाहू लागलं. मी छत्री उगारली. त्याने माझ्या उघड्या टाचेकडे पाहिलं आणि त्याला माझी भीती वाटेनाशी झाली. पुढचा तासभर आम्ही दोघं असेच. खालून दिसतात त्या जाणाऱ्या माणसांच्या पाठी. परत येणारी माणसं घाम पुसत, हसत, एकमेकांना काहीतरी दाखवत असतात आणि तुमच्याजवळून जाताना आवाज हळूच खाली आणतात. एक गृहस्थ तर थांबून मला म्हणाले, “पाणी वगैरे आहे ना तुमच्याजवळ?” माझ्यासारखाच प्रेमळ माणूस. मला त्याचा रागच आला.

ती उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चेहरा लालबुंद, केस सुटलेले, ओढणीला कुठल्या तरी झाडाचं कुसळ लागलेलं. फोनमध्ये चाळीस फोटो. बूट धुळीने पांढरे. माझ्या हातातून बाटली घेतली आणि गटागटा अर्धी संपवली.

“काय आहे वर?” मी विचारलं.

तिने तोंड पुसलं. माझ्या टाचेकडे पाहिलं, माकडाकडे पाहिलं, मग मागे वर पाहिलं, बराच वेळ.

“तसं काही विशेष नव्हतं हो वर,” ती म्हणाली. “आणि उद्या जाऊन नऊ नंबर घ्या.”